आयजारकिनची पेटी

पेटीच्या झाकणाला भोक पाडायचं नाही, ही बुरुलकान आपाची एकच अट होती. कुबातने ती मान्य केली, आणि तिथेच त्याची अक्कल शेण खायला गेली.

पेटी होती आपाच्या लेकीच्या, आयजारकिनच्या लग्नाची. झाकणावर पत्र्याची लाल-हिरवी नक्षी. लग्न व्हायच्या आधीच पोरगी घाटात गाडीसकट दरीत गेली. मागे राहिला तिचा कॉम्प्युटर. त्यात तिने स्वतःच्या आवाजात म्हटलेल्या अंगाया आणि गोष्टी होत्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या. आपाला तो कॉम्प्युटर त्या पेटीत बसवून हवा होता.

"वर्षाच्या आशला, तिच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला, सगळ्यांना तिचा आवाज ऐकवीन," आपा म्हणाली. "तोवर कोणी आत डोकावायचं नाही. मीसुद्धा नाही."

"नक्कल तरी काढून ठेवू दे, आपा."

"नाही म्हटलं ना! वर्ष होऊ दे."

नारिनच्या बाजारात एका जुन्या कंटेनरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या कुबातला पक्कं ठाऊक होतं की या कॉम्प्युटरच्या डिस्कचं कुलूप मदरबोर्डात आहे. बोर्ड जिवंत तोवर डिस्क आपोआप उघडते. बोर्ड गेला की कुलूप उघडायला सुटकेचा आकडा लागतो, आणि तो होता पोरीच्या फोनमध्ये. फोन गेला दरीत. तरी हा गप्प बसला. रडणाऱ्या बाईशी कोण वाद घालणार!

त्याची बायको शेकेर दुकानात बोर्डांना डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम करायची, आणि नवऱ्याला डाग देण्यातही मागे नव्हती.

"पेटीत बोर्ड आडवा झोपवणार, वरून झाकण बंद. हवा कुठून खेळणार, तुझ्या नाकातून?"

"पाण्याचा कूलर लावतो. मागची फळी साधी आहे, ती कापून तिथे जाळी आणि पंखे बसवतो. प्रोसेसरची उष्णता पाणी बाहेर नेईल."

"प्रोसेसरची नेईल. आणि त्याच्या शेजारी वीज पुरवणारे भाग आहेत त्यांचं काय? जुना पंखा त्यांच्यावरही वारा घालायचा. झाकणाला भोकं पाड, नाहीतर निदान आत एक छोटा पंखा सोड."

"चोपन्न डिग्री! हा बघ आकडा. थंडगार आहे."

"तो प्रोसेसरचा आकडा आहे, शहाण्या."

पण कुबातचं लक्ष कुठे होतं! नक्षीच्या पेटीत बसलेलं यंत्र इतकं देखणं दिसत होतं की त्याने आधी फोटो काढले. आतल्या पंख्याची घरघर नको, म्हणाला. पेटी गेली आपाच्या घरी.

आपाने ती कधी बंद केलीच नाही. आयजारकिनने रेकॉर्डिंग साफ करायचं कुठलंसं काम लावून ठेवलं होतं, ते सतत चालू असायचं. "तिचं काम आहे, चालू दे," आपा म्हणायची. यंत्र आठ महिने अखंड राबलं. आणि घरात पेटी आली की तिच्यावर गाद्या-रजयांची थप्पी रचायची, हे काय कुणाला शिकवावं लागतं? वर थप्पी नसलेली बोडकी पेटी म्हणजे भिकेला लागलेलं घर. आपाने छतापर्यंत रचली.

आशला तीन दिवस उरले असताना आपाचा फोन आला. पडदा काळा झाला होता.

कुबातने गाद्या उतरवून पेटी उघडली, तसा जळका वास नाकात गेला. पाण्याचा कूलर ठणठणीत होता. मागच्या जाळीत साधी धूळही नव्हती. जळला होता तो प्रोसेसरच्या कडेचा बोर्ड, शेकेरने बोट ठेवलं होतं अगदी तिथे.

"डिस्क?" आपाने विचारलं.

"डिस्क शाबूत आहे."

"देवा, तुझे उपकार!" तिने त्याचे हात धरले. "मग दुसऱ्या यंत्रात घाल ना, बाळा."

आता सांगणं भाग होतं. कुलूप कुठे होतं, ते कसं गेलं, सगळं सांगितलं. आपाने ऐकून घेतलं. मग पुन्हा विचारलं, "एकही गोष्ट नाही निघणार?"

"नाही, आपा."

अंगणात आपाची सून आशसाठी बोरसोक, पिठाचे छोटे तुकडे, तळत होती, तेलाचा वास घरभर पसरला होता. आपा म्हणाली, "गाद्यांमुळे झालं ना रे? मीच रचल्या. मीच कोंडलं तिला."

गाद्यांचा काडीचा संबंध नव्हता. झाकणातून हवा जातच नव्हती, वर गाद्या ठेवा नाहीतर डोंगर. एवढं वाक्य बोललं असतं तर म्हातारीचा जीव सुटला असता. पण मग पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, की आतला पंखा त्यानेच नाकारला होता.

"हो, आपा," तो म्हणाला. "गाद्यांमुळेच."

आपाने उघड्या तळव्यानेच तोंड पुसलं आणि त्याच्या कानाशी आली.

"पाहुण्यांना सांगू नकोस हं, कुबात. म्हणतील, आईनेच घालवलं."

"नाही सांगणार," कुबात म्हणाला.