बेल्मीरोची लाट आणि माझी पेटी

पाण्यात पोहत फोटो काढणारा माणूस शूर असतो, असं लोकांना वाटतं. वाटू दे. मी लाटांवर स्वार होणाऱ्यांचे फोटो काढतो खरा, पण माझा सगळा जीव असतो कॅमेऱ्याला पाण्यापासून वाचवणाऱ्या पेटीत. मागच्या हिवाळ्यात एक कॅमेरा खाऱ्या पाण्यानं मेला, तेव्हापासून तर मी पार कामातून गेलोय. पेटीच्या झाकणाला कुकरला असते तशी रबरी रिंग असते. ती मी रोज काढतो, पुसतो, ग्रीस लावतो, भिंगाखाली धरून बघतो. मग आत टिश्यू ठेवून रिकामी पेटी बादलीत दाबून धरतो. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत जातो. शिवाय पेटीच्या पुढच्या काचेवर कच्चा बटाटा चोळायचा, म्हणजे थेंब साचून फोटो बिघडत नाही.

"सूपला बटाटा उरत नाही आणि ह्याच्या काचेचे लाड चाललेत," माझी बायको इव्होन म्हणते. "आणि ती दाढी काढ आधी. एक केस रिंगखाली अडकला, की बसशील बोंबलत."

दाढी मी काढत नाही. दाढीमुळे मी दर्यावर्दी दिसतो, असा माझा समज आहे. इव्होनच्या मते मी भिजलेल्या बोकडासारखा दिसतो.

त्या दिवशी सकाळीच बेल्मीरो लाटांवर स्वार व्हायची फळी काखेत मारून दारात उभा. तो आमच्या एरिसेइरा गावच्या बाजारात मासे विकतो. आम्ही दोघं लहान होतो, तेव्हापासून आमची दोस्ती आहे.

"उद्या खांद्याचं ऑपरेशन," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, ह्यापुढे लाटा बंद. कायमच्या."

"अरेरे."

"अरेरे नको, फोटो दे. लाटेच्या पोटातला. अख्ख्या गावाचे काढलेस लेका, माझा एक तरी धड आहे का?"

नव्हता. कधी त्याचा नुसता पाय आला होता, कधी फळीचं टोक, कधी मधेच कडमडलेल्या भलत्याचंच डोकं. "आज सोडत नाही तुला," मी छाती फुगवून म्हणालो. मग रिंग, ग्रीस, बादली, बटाटा सगळं साग्रसंगीत केलं. तोवर बेल्मीरो पायरीवर बसून जांभया देत होता.

समुद्र मात्र त्याच्यासाठीच सजून आल्यासारखा होता. खडकांवरून लाटा अशा वळत होत्या, की आत उभं राहायला ऐसपैस जागा. मी पायांतले रबरी फ्लिपर्स मारत लाट वळते तिथे जाऊन थांबलो. थोड्या वेळानं बेल्मीरो आला. लाटेनं त्याच्यावर छत धरलं, आत तो वाकलेला, आणि थेट माझ्याच अंगावर येतोय! मी काय करावं? पेटी पोटाशी कवटाळली आणि घेतली बुडी.

वर आलो तर त्याचा आवाज, "मिळाला?"

"मिळाला!" म्हटलं. माझ्या तोंडाला कोण आवरणार?

"दाखव."

माझ्या पेटीला बाहेरून एकच बटण आहे, फोटो काढायचं. बघायचं तर ती उघडावी लागते, आणि ओल्या हातांनी किनाऱ्यावर उघडायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण बेल्मीरोनं मला ओढतच खडकावर नेलं आणि माझ्या दाढीतून पाणी गळत असतानाच मी ती उघडली. बुडी मारताना बोट बटणावरच राहिलं होतं. फोटोच फोटो निघाले, सगळे माझ्या पोटाचे. काळ्या रबरी पोशाखातलं ढेरपोट, वेगवेगळ्या कोनांतून.

बेल्मीरो हसून हसून खाली बसला. मग हसू थांबलं.

"तू पेटी वाचवलीस, आदेरितो," तो म्हणाला. "मला एवढंच बघायचं होतं रे, आत असताना मी कसा दिसतो. मला कधी दिसतच नाही ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चल परत," मी म्हणालो. रिंग पुसली नाही, भिंग नाही, बादली नाही, तसंच झाकण लावून खटका ओढला.

"खांदा एकच लाट देईल," पाण्यात शिरताना तो म्हणाला. "ह्या वेळी पोट आत घे."

ती लाट पहिलीपेक्षा मोठी होती. माझे पाय पेटी घेऊन पळायला आतुर झाले होते. त्यांना शिव्या घातल्या, दोन्ही हात लांब करून पेटी लाटेच्या तोंडात धरली आणि बटण दाबून ठेवलं. मग लाटेनं मला उचललं आणि खडकावर नेऊन आपटलं. वर येऊन बघतो तर पेटीत अर्ध्यापर्यंत पाणी आणि कॅमेरा आत मत्स्यालयातल्या माशासारखा.

"मिळाला?"

"असं वाटतंय," मी म्हणालो. पेटी पाठीमागे धरून.

बेल्मीरोला घेऊन घरी आलो. इव्होननं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड नळाखाली धुतलं, पुसून वाळवलं आणि कॉम्प्युटरला लावलं. कॅमेरा गेला होता. रिंगखालून तिनं एक पांढरा, कुरळा केस चिमटीत काढला आणि माझ्यापुढे धरला. मग तो फेकून चुलीवरच्या सुपाकडे वळली. तेवढी दया तिच्यात आहे.

बहुतेक फोटोंत नुसतं पाणी होतं. एक स्वच्छ आला होता. हिरव्या छताखाली बेल्मीरो, दुखरा हात लोंबता, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं.

"मी ओरडतोय?" बेल्मीरो म्हणाला.

"बोंबलतोयस. शाळा सुटलेल्या पोरासारखा."

"आणि मला वाटायचं, मी आत गंभीर असतो." तो स्क्रीनला नाक लावून बघत राहिला. मग बाहीनं नाक पुसलं. "अजून एकदा जायचं होतं रे," म्हणाला, आणि फळी आमच्याच दारात ठेवून चालत घरी गेला.

इव्होननं माझ्याकडे पाहिलं. "कॅमेऱ्यासाठी रडतोस होय? घेऊ दुसरा."

मी होकारार्थी मान हलवली. बेल्मीरोसाठी रडतोय म्हणून सांगितलं असतं, तर तीही रडली असती आणि सूप करपलं असतं.