आडवा बांबू

बांबूचा दुसरा तडाखा डाव्या नडगीवर बसला आणि सुनंदा केळीच्या बागेतच कोसळली. घडांना टेकू द्यायचे बांबू आडवे बांधून, पडले की स्वतःच उचलून लावून ती तीन वर्षं हर्डलचा सराव करत आली होती. त्यातलाच एक उपसून थोरला भाऊ अभिमन तिला बडवत होता. अर्ध्या चड्डीतला तिचा फोटो पेपरात आला आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं, हा राग. त्यात आज दुपारी जळगावला रेल्वेच्या पगारी संघाची निवड.

"पय आते," तो धापा टाकत म्हणाला. "दखू दे, शर्यतीत कशी पयस ते."

तिनं त्याचं मनगट कडकडून चावलं आणि लंगडत एस.टी. गाठली.

कॉलेजात तिचा एकच तोरा होता. दहा हर्डलांपैकी एकालाही पाय लागायचा नाही. आज जळगावच्या मैदानावर सुजलेला पाय वर येईचना. पहिलं पडलं, दुसरं पडलं, तिला रडू आलं. मग मात्र ती पेटली. समोर अभिमनच उभा आहे असं समजून ती नडगीनं हाणत सुटली. दहाही लोळवली आणि पहिली आली. मोजा रक्तानं भिजला होता.

सवयीनं ती पडलेली हर्डल उभी करायला लागली, तसे निवड करणारे देवचंद सर म्हणाले, "राहू दे पोरी. पाडली म्हणून कुणी बाद होत नाही. आणि इथं उचलायला माणसं आहेत. तू फक्त धाव. सोमवारी दाखले घेऊन ये."

दाखले घरी होते. दुसऱ्या दिवशी अभिमन शेतात असेल अशा बेतानं ती गेली आणि पिशवी भरून वळली, तर तो दारात उभा. दोन्ही हातांत तोच बांबू आडवा. आई मधे पडली. त्यानं तिला ढकललं, तिचं कपाळ जात्यावर फुटलं.

"तू जाय माय," आई खालूनच म्हणाली. "मी शे आठे, घरमा."

चुलीपासून उंबऱ्यापर्यंत तीन पावलं होती, दोन हर्डलांमध्ये असतात तेवढीच. सुनंदानं ती घेतली आणि पाय न उचलता सगळं अंग बांबूवर घातलं. अभिमन उताणा अंगणात आदळला. त्याच्या नाकातोंडातून रक्त आलं.

बांबू उचलायला ती सवयीनं वाकली, मग तो तसाच टाकून रस्त्याला लागली.

वळणावरून तिनं एकदा मागे पाहिलं. कपाळाला पदर दाबून आई अंगणात आली होती आणि वाकून तो बांबू उचलत होती.