साकवाचा पाया

साकव म्हणजे काय, हे परदेशी लोकांना इंग्रजीत समजावताना माझी मास्तरकी पणाला लागली. ओहोळावरचा लहानसा पूल, एवढंच. त्यावरून गाडी जाणार नाही, पण डोक्यावर भारा घेतलेली बाई जाईल आणि पोरं दप्तर कोरडं ठेवून शाळेत पोचतील. चांदीप गावाच्या पुढे डोंगराकडे जो पाडा आहे, तिथल्या लोकांना तेवढाच हवा होता. सरकारकडे मागून झालं होतं. तिथे आम्हाला इतक्या टेबलांवर फिरवलं की शेवटी मी एका साहेबाला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी मीरा. माणिकपूरला एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर गप्प बसवेना म्हणून चौघींनी मिळून ट्रस्ट काढला. त्यातल्या तिघी नातवंडांत रमल्या, उरले मी, आणि मदतीला सॅन्टन. सॅन्टन माझा जुना विद्यार्थी. स्टेशनजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की शटर अर्धं वर करून तो ट्रस्टचे कागद करतो. परदेशातून मदत घ्यायची तर दिल्लीची परवानगी लागते, ती मिळवताना आमच्या चपला झिजल्या. मग एका वकिलातीची लहान कामांसाठीची अनुदान योजना त्यानेच शोधून काढली. अर्जात एक रकाना होता: गावकऱ्यांचा सहभाग काय असेल? मी लिहिलं, श्रमदान. लिहिताना छाती फुगली होती माझी.

एप्रिलमध्ये पत्र आलं. तुमची निवड झाली आहे, करारावर सह्या लवकरच होतील. मी त्याच दिवशी रिक्षा करून पाडा गाठला.

पांडुरंग हा पाड्यातला जाणता म्हातारा. त्याची नात ऋतिका यंदा दहावीला. गेल्या पावसाळ्यात ओहोळ चढला म्हणून तिची सव्वीस दिवस शाळा बुडाली होती. यंदा साकव झाला नाही तर तिला विरारला एका फ्लॅटवर मूल सांभाळायला ठेवायचं, असं तिच्या बापाने ठरवून टाकलं होतं. घरही बघून ठेवलं होतं.

"मंजूर झालं," मी म्हटलं. "फक्त सह्या राहिल्यात."

"म्हंजे झालंच की, बाई," पांडुरंग म्हणाला.

"झालंच," मी म्हटलं.

इथेच मी माती खाल्ली. पत्रासोबत नियमांचं पुस्तक होतं, ते सॅन्टनने मला छापून, टाचून हातात दिलं होतं. जन्मभर मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले, आधी प्रश्न नीट वाचा. मी मात्र 'निवड झाली' एवढंच वाचलं आणि पुस्तक फ्रिजवर ठेवलं.

पाड्यात कुणाचंही घर उभं राहायचं असेल तर पाया सगळ्यांनी मिळून खणायचा, घरटी एक माणूस. कुणी आपला पाया एकट्याने खणला तर तो सगळ्यांना स्वतःचा अपमान वाटतो. साकव तर सगळ्यांचाच. दुसऱ्याच्या पैशाने होणार असला तरी त्याला आधी पाड्याचा हात लागायला हवा, असं पांडुरंगाने ठरवलं. अक्षय्य तृतीयेला गावदेवाला नारळ फोडून त्यांनी दोन्ही काठांना खड्डे घेतले, पुरुषभर खोल. कातळ लागला तिथे पहारीने फोडला. बायकांनी ओहोळातले दगड वाहून बाजूला रचले.

मला फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. धावत गेले. हाताला फोड आलेली माणसं माझ्याकडे बघून हसत होती. मला भरून आलं, खरंच सांगते. ऋतिकाने सगळ्यांना खड्ड्याभोवती उभं करून फोटो काढला. तो मी त्याच संध्याकाळी वकिलातीतल्या विनिता मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, 'लोकसहभाग सुरू!'

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मीराताई, करारापूर्वीच काम सुरू केलंत का?"

"काम कसलं? खड्डे आहेत. फुकट खणलेत लोकांनी."

"फुकटचा प्रश्न नाही हो. आमचा इंजिनिअर मूळ जागा बघून जातो, मग सही, मग काम. सुरू झालेल्या कामाला अनुदान देता येत नाही. पान नऊवर आहे ते."

"मग तो फोटो बघितलाच नाही असं समजा."

"फाइलला लागलाय, ताई. मी वर दोनदा बोलून बघितलं." त्यांचा आवाज खरोखर पडलेला होता. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो. मला तोही मिळाला नाही.

सॅन्टनने तीन पत्रं लिहिली. तिन्हींना नम्र उत्तरं आली. मग पाड्यावर जाऊन सांगणं माझ्याच वाट्याला आलं.

"म्हंजे आमी खनलं म्हनून न्हाय देत?" पांडुरंगाने विचारलं.

"हो."

"पन त्यांनीच इचारलं होतं ना, तुमी काय करनार?"

"विचारलं होतं. पण ते सहीनंतर करायचं होतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

कुणी रागावलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

पाचव्या दिवशी पांडुरंगाचा फोन आला, "बाई, येऊन बघून जा." सॅन्टनच्या स्कूटरवर मागे बसून गेले. ओहोळाच्या काठाला उतरले आणि मला आधी जागाच ओळखता येईना. खड्डे नव्हते. माती भरून, चोपून, वर पाला पसरला होता. रचलेले दगड परत ओहोळात गेले होते. घरटी एक माणूस उन्हात घाम पुसत उभा होता.

ऋतिका मोबाइल घेऊन पुढे आली. "बाई, अर्जाला लावलेला जुना फोटो सॅन्टनदादांकडून मागवून घेतला. तो बघून बघून केलंय सगळं. मोठा दगड होता तिथेच ठेवलाय."

मी सॅन्टनकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आता सांगा त्यांना," पांडुरंग म्हणाला, "आमी कायपन केलं न्हाय."

वर्गात चुकलेल्याला तोंडावर चूक म्हणायला मी कधी कचरले नाही. इथे कचरले. ऋतिकाने मोकळ्या काठाचा फोटो काढला, माझ्या फोनवर टाकला. "आत्ताच पाठवा ना. इथे रेंज आहे." सगळे बघत होते. मी पाठवला. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या.

"बघितला त्यांनी!" ऋतिका ओरडली, आणि माणसं एकदम बोलायला लागली. उत्तर काही आलं नाही. येणार नव्हतंच.

"मग बाई, बाबांना सांगू ना, मी विरारला जात नाही म्हणून?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो होकार समजला आणि बापाला सांगायला घराकडे पळाली.