औषधावरचं दूध

"घे. आणि तळाशी थेंब राहता कामा नये."

काकूंनी पेला असा टेकवला की ओट्यावरची झाकणं वाजली. पेल्यात काठोकाठ दूध, वर बोटभर साय. शेजारी एक कॅप्सूल, अर्धी लाल, अर्धी पिवळी. डावरीने ती जिभेवर ठेवली, दोन्ही हातांनी पेला उचलला आणि एका दमात दूध संपवलं. मग पेला उपडा करून आईला दाखवला. तपासणी झाल्याशिवाय सुटका नव्हती.

"बघ आता, आठ दिवसांत आरशाला तोंड दाखवशील."

"तुझे आठ दिवस तीन आठवडे चाललेत, आई."

"मग? दोन वर्षं ठाण मांडून बसलेले मुरुम. हाकलल्याबरोबर निघायला ते काय तुझ्या बापासारखे गरीब आहेत?"

मागच्या मोरीत कॅन घासत बसलेल्या बापाने नुसतं "हं" केलं. त्या घरात त्यांच्या वाट्याला एवढंच बोलणं यायचं.

घराच्या पुढच्या खोलीत दुधाचं दुकान होतं, आणि दुकान म्हणजे काकू. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. तीस वर्षांत दुधात पाण्याचा थेंब पडला नाही आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून वावगा शब्द ऐकून घेतला नाही, या दोन गोष्टींचा त्यांना ताठा होता. "नासलं" म्हणून भांडं परत आणणाऱ्याला त्या त्याच्याच घरचं पातेलं कसं धुतलं जात नाही ते चारचौघांत ऐकवायच्या. शाळा तिसरीत सुटलेली. आकडे यायचे, अक्षरं मात्र एकमेकांना धरून उभी राहायची नाहीत. त्याचं त्यांना कधी अडलं नव्हतं. अडायचं ते वाचून दाखवायला डावरी होती.

पोरगी डावखुरी, म्हणून डावरी. चौदाव्या वर्षापासून गल्ल्यासमोर उभी. माप असं भरायची की काठाला भिडलेलं दूध काठावरून कधी उतरायचं नाही. एकच खोड. काम झालं की लांब दांड्याचं ते माप खुंटीला उलट्या अंगाने अडकवायची, दांडा डावीकडे. काकू रोज ते सरळ करायच्या आणि रोज बोलायच्या, "माप टांगायचीसुद्धा एक रीत असते गं." पोरगी हसायची आणि संध्याकाळी पुन्हा तेच. दुकान पुढे हीच चालवणार, हे काकूंनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायचं काय त्यात? उद्या सकाळी दूध येणार, तसंच ते.

मग सतराव्या वर्षी चेहऱ्यावर मुरुम आले. आधी कपाळावर चार, मग गालांवर, हनुवटीवर. मोठे, लाल, आतून ठणकणारे. एक बसतोय तोवर शेजारी दुसरा. डावरी गिऱ्हाइकाकडे न बघता माप भरायला लागली. कोपऱ्यावरच्या घरातली शिंपीण एकदा रांगेतून म्हणाली, "काय हो काकू, एवढं दुधातुपाचं घर आणि पोरीचं तोंड असं? दूध बाहेरच विकता वाटतं सगळं?"

रांग हसली. काकूंनी शिंपिणीला तिने बिघडवलेल्या तीन ब्लाउजांची आठवण करून दिली, तेव्हा रांग आणखी हसली. पण डावरी हसली नाही. माप खाली ठेवून ती मागे मोरीत गेली आणि बापाच्या हातातली घासणी घेतली. त्या दिवसापासून ती पुढे उभी राहिलीच नाही. कॅनचं झाकण घासून लखलखीत झालं की त्यात तोंड बघायची आणि पुन्हा घासायची.

काकू तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी या कॅप्सूल दिल्या. रोज दोन, सकाळ-संध्याकाळ, तीन महिने, एकही चुकवायची नाही. गर्दी होती. डॉक्टरीणबाई आणखीही काही बोलल्या, पण काकूंनी "चुकवायची नाही" एवढं पदरात बांधून घेतलं.

पहिले दोन दिवस डावरीने पाण्याबरोबर घेतली. पोटात आग पडली, सकाळचा नुसता चहा, तोही बाहेर आला. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "गरम औषध हे. उपाशीपोटी पाणी ओतलं त्याच्यावर, दुसरं काय होणार? आपल्या घरात औषध पाण्याबरोबर घ्यायचं म्हणजे लाजच की गं." तिसऱ्या दिवसापासून दूध. उलटी थांबली. काकूंना वाटलं, जिंकलं.

मुरुम मात्र जिथले तिथे. बसले की जागेवर खळगा सोडायचे, बारीक, जसा ओल्या मातीत बोटाचा ठसा.

दुसऱ्या महिन्याची खोकी आणली त्या दिवशी डावरी मागच्या पायरीवर बसून आतला घडीचा कागद वाचत होती. मुंगीएवढी अक्षरं, दोन्ही बाजूंनी भरलेली. वाचता वाचता ती उठली आणि दुकानात आली. किती दिवसांनी पुढे आली होती.

"आई, यात लिहिलंय की ही गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही."

काकू एका गिऱ्हाइकाला दूध घालत होत्या. "काय?"

"दूध, दही काही नाही. पाण्याबरोबर घ्यायची. दुधाने तिचा गुण जातो म्हणे."

रांगेत पाच माणसं होती. त्यांतली एक शिंपीण. काकूंनी माप कॅनमध्ये आपटलं.

"दुधाने गुण जातो? या दुधाने? या दुधावर अख्खी गल्ली वाढली! तुझा बाप दोन महिने अंथरुणाला खिळला होता, तो कशावर उठला? कुठल्या कारखान्यात बसून कुणीतरी चार ओळी खरडल्या, आणि तू आईच्या दुधात खोट काढायला पुढे आलीस? चारचौघांत?"

"खोट नाही गं. नुसतं लिहिलंय ते..."

"लिहिणाऱ्याला उलटीनंतर तुझी पाठ चोळायला बोलव मग!"

"अगं, ऐकून तरी घे," मोरीतून बाप म्हणाले.

"तुम्ही कॅन घासा."

डावरीने कागदाची घडी घातली. जशी आली होती तशीच, पहिल्याच रेघांवरून. संध्याकाळी काकूंनी पेला भरून ठेवला. डावरीने तो दोन्ही हातांनी उचलला, दूध प्यायली, उपडा करून दाखवला. पुढचे दोन महिने तिने त्या कागदाबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही. काकूंना वाटलं, पोरगी समजली.

तीन महिने भरले आणि दोघी पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. बाईंनी दिवा जवळ ओढून डावरीचे गाल बघितले, हनुवटी वर करून बघितली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फारसा फरक नाही. असं सहसा होत नाही. मध्ये चुकवल्या का?"

"एक नाही!" काकू म्हणाल्या. "मी स्वतः देते, माझ्या हाताने."

"बरं. आणि कशाबरोबर घेतेस गं?"

काकूंच्या तोंडात उत्तर होतं. पण बाईंनी ज्या तऱ्हेने विचारलं, त्यात त्या घडीच्या कागदासारखं काहीतरी होतं, आणि ते तोंडातच राहिलं. डावरीने आईकडे बघितलं. अगदी एकदाच.

"पाण्याबरोबर," ती म्हणाली.

काकूंना बोलता आलं असतं. दारात आणखी तिघं बसलेली, सगळी ओळखीची, सगळ्यांच्या घरी त्यांचंच दूध जायचं. काकूंनी पदर सारखा केला.

"मग हे औषध हिला लागू पडत नाही," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "अशी औषधं उगाच लांबवत नाही आपण. बंद करू. लावायला मलम देते. आणि हे खळगे... हे पडलेले आता राहणार, बरं का. लवकर आटोक्यात आलं असतं तर पडले नसते."

डावरीने मान हलवली. रस्त्यावर आल्यावर ती आईच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

दुपारी दुकान बंद असताना काकूंनी खोक्यातला कागद काढला, ब्लाउजात खोचला आणि औषधवाल्याकडे गेल्या. हा मुलगा लहानपणी त्यांच्याकडे दुधाला यायचा. "हे दूध कुठे लिहिलंय ते दाखव," त्या म्हणाल्या.

त्याने बोट ठेवलं. "इथे, काकू. दूध आणि ही गोळी पोटात एकत्र गेली, तर दुधातलं चुन्यासारखं जे असतं ना, ते गोळीला धरून ठेवतं. अंगाला लागूच देत नाही. वाया जाते गोळी."

"सगळी?"

"बरीचशी. का? कुणी घेतली?"

"साय जास्त असली तर?"

"तेवढंच वाईट." तो हसला. "तुमच्या दुधात तर जास्तच ताकद असणार."

त्याने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. काकू कागद न घेताच निघाल्या, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन घेऊन गेल्या.

घरी सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. दार उघडलं तर डावरी बॅग भरत होती. परगावच्या मावशीशी तिचं बोलणं आधीच झालं होतं. तिथे बसच्या आगारात तिकिटाच्या खिडकीवर जागा होती.

"दुकान कोण बघणार?" काकूंच्या तोंडून निघालं ते हे.

"मी कुठे बघत होते? मी मोरीत होते."

"इथे राहून दुसरं औषध करू की."

"इथे नको, आई." आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना उत्तर सुचलं असतं.

मावशी फोनवर खबर द्यायची. तिथल्या डॉक्टरला पोरीने सगळं खरं सांगितलं, त्याने पुन्हा त्याच जातीची गोळी सुरू केली. "पोटभर जेवते, मग मोठा ग्लास पाण्याबरोबर घेते, नंतर तासभर आडवी होत नाही. उन्हात चेहरा लगेच लाल होतो म्हणून छत्री घेऊन फिरते. मैत्रिणी हसतात, ती पण हसते." काकूंनी विचारलं, "हसते?" मावशी म्हणाली, "हो की." दोन महिन्यांनी मावशी म्हणाली, "उतरतंय गं. दिसण्यासारखं उतरतंय." चौथ्या महिन्यात गोळ्या थांबल्या. काकू प्रत्येक वेळी "बरं झालं" म्हणायच्या, आणि फोन ठेवल्यावर आधीच घासलेलं झाकण पुन्हा घासायला घ्यायच्या.

वर्षाने डावरी आली. एका दुपारपुरती, संध्याकाळच्या बसने परत. दारातून उजेड तिच्या तोंडावर पडला. मुरुम एकही नव्हता. गालांवर खळगे होते, दोन्हीकडे, हनुवटीपर्यंत. काकूंना मोजायचे नव्हते, तरी नजर एकेकावर थांबत गेली.

"बस," त्या म्हणाल्या. आत जाऊन पेला भरून आणला आणि तिच्यापुढे ठेवला. हळू ठेवला. आवाज झाला नाही.

डावरीने आत बघितलं. पाणी होतं.

"गोळ्या कधीच संपल्या, आई."

"माहितीय मला. पी."

तिने दोन्ही हातांनी पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायली. उपडा करायला गेली, आणि मध्येच थांबून तसाच खाली ठेवला.

चारला दुकान उघडलं. रांग लागली. डावरी खुर्चीवर पुढेच बसली होती, मोरीकडे गेली नाही. तिसऱ्या नंबरवर शिंपीण होती. तिने डावरीला निरखून बघितलं आणि तोंडाने चक् केलं.

"गेले वाटतं मुरुम! पण खड्डे सोडून गेले हो. तरी मी तेव्हाच म्हणत होते काकू, पोरीला जरा दूध पाजा."

रांग काकूंच्या तोंडाकडे बघू लागली. आता शिंपिणीची धडगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोरीतली घासणीसुद्धा थांबली.

"पाजलं," काकू म्हणाल्या. "तेच पाजलं. औषधावर दूध चालत नव्हतं, ते हिने मला वाचून दाखवलं होतं, तुमच्या सगळ्यांसमोर, इथेच. मी ऐकलं नाही. तीन महिने माझ्या हाताने पाजलं. डॉक्टरने विचारलं तेव्हा पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी गप्प बसले. तिच्या गालावर जे दिसतंय तुला, ते माझ्या दुधाचं आहे."

कुणी हसलं नाही. शिंपीण आपल्या भांड्याकडे बघत राहिली. काकूंनी माप कॅनमध्ये बुडवलं, पण वर येईपर्यंत त्यातलं अर्धं सांडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

खुर्ची सरकली. डावरीने आईच्या हातातून माप घेतलं, डाव्या हातात धरलं आणि शिंपिणीचं भांडं भरलं. दूध काठाला भिडलं, उतरलं नाही. "पुढचं," ती म्हणाली आणि मान वर करून पुढच्या माणसाकडे बघितलं. काकू बाजूला उभ्या राहिल्या. रांग संपेपर्यंत डावरी भांडी भरत गेली आणि त्या पैसे घेत गेल्या.

बसची वेळ झाली. बाप बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. निघताना डावरी म्हणाली, "येते," आणि काकू म्हणाल्या, "खिडकीवर उभं राहायचं काम ना तुझं? पाय दुखत असतील." "बसून असतं, आई." "मग बरं."

काकू दारातून आत वळल्या तेव्हा दुकान रिकामं होतं. माप खुंटीला उलटं टांगलेलं होतं, दांडा डावीकडे. काकूंचा हात सवयीने वर गेला.

मग त्यांनी तो खाली घेतला आणि सांडलेलं दूध पुसायला फडकं शोधू लागल्या.