कोडवरचा अंगठा

"फोटो काढताना त्या चौकोनी कोडवर अंगठा तरी ठेव," मनालीचा नवरा अमित म्हणाला होता. "कोड दिसला की तिकीट गेलं समज."

"अरे, उल्हासनगरवाली विकतेय म्हटल्यावर लोक आधीच डुप्लिकेट समजतात," मनालीने हसण्यावारी नेलं. "सगळं दिसलं तर विश्वास बसेल."

लेकीला, ऋताला गालगुंडं झालेली. रविवारचं बालनाट्य हुकणार म्हणून मायलेकींचं तिकीट विकायचं होतं. मनालीने खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर फोटो टाकला, कोडसकट. तासाभरात पालेगावच्या नूतनने ते घेतलंही.

"ताई, आमच्या चिमीचं पयलंच नाटक हाय," नूतन फोनवर म्हणाली. "आतापासून फ्रॉक घालून बसलीय बघा."

रविवारी पाचला पुन्हा तिचाच फोन.

"ताई, गेटवाला म्हणतो, या तिकिटावर दोघं कवाच आत गेलेत."

ग्रुपवरचा फोटो दाखवून कुणीतरी आत शिरलं होतं, हे मनालीला तत्क्षणी कळलं. आणि तोंडातून निघालं काय?

"मी बरोबरच पाठवलं होतं. तुम्हीच कुणाला तरी दिलं असेल."

"मी? पोर रडतीय इथं, आन् मी दिलं?" मागून कुणीतरी खेकसलं, "ओ मॅडम, साइडला व्हा, लाइन अडवू नका!" नूतनचा आवाज बारीक झाला. "ताई, तुम्ही सांगा ना त्याला. चोर समजतोय मला."

मनालीने फोन कापला. वर नंबर ब्लॉक केला.

रात्री पेज भरवताना ऋताने विचारलं, "आई, नाटकात अस्वल आलं असेल का गं?"

मनालीने चमचा खाली ठेवला. तिने नूतनचा नंबर अनब्लॉक केला, पैसे परत पाठवले, फोन लावला. लागेना. आता नूतनने तिला ब्लॉक केलं होतं. अमितला तिने सगळं सांगितलं.

मग तिने त्याच ग्रुपवर लिहिलं:

"कोड मी उघडा टाकला आणि वर खोटंही मीच बोलले. तुम्ही तिकीट विकाल तेव्हा कोड झाका, अ‍ॅपमधूनच समोरच्याच्या नावावर करून द्या. आणि पालेगावात कुणी राहत असेल, तर नूतनकडे एकदा जाऊन या. माफी मी स्वतः मागेन. तुम्ही चार लोकांसमोर तिला एवढंच सांगा, की तिकीट तिचंच होतं. चिमी कशी आहे, तेही बघून या."