तोंडात टाचण्या धरून

इंग्रजीच्या बाईंचा खाक्याच निराळा. व्याकरण म्हटलं की पोरं जांभया देतात, म्हणून बाई त्यांना इंग्रजीत कविता लिहायला लावायच्या आणि वर ती कात्रीने कापायला लावायच्या! 'जेव्हा', 'कारण' असल्या शब्दांनी सुरू होणारी उपवाक्यं बिस्किटांच्या एका डब्यात, 'धावत', 'हसवायला' असली धातुसाधितं दुसऱ्यात, उरलंसुरलं तिसऱ्यात. मग ज्याने त्याने डब्यांत हात घालायचा आणि हाती येतील त्या तुकड्यांची नवी कविता वहीत चिकटवायची. वर्गात नुसता कल्ला. बाईंना या युक्तीचा कोण अभिमान!

सातवीतली चिमणी तापाने गेली, त्याला महिना होत आला होता. तिची आई शिवणकाम करायची. एका मधल्या सुट्टीत ती शाळेत आली आणि वर्गाच्या दारातच उभी राहिली.

"बाई, तिच्या हातचं काही आहे का हो तुमच्याकडे?"

घरात काहीच उरलं नव्हतं. वह्या-पुस्तकं बघून सुनेला रडू येईल म्हणून सासूने ती परस्पर रद्दीवाल्याला देऊन टाकली होती. म्हातारीचा हेतू चांगला, पण करून बसली भलतंच.

"एक ओळ असली तरी चालेल," आई म्हणाली. "मला इंग्रजी वाचता येत नाही. पण अक्षर तर दिसेल."

बाईंना आठवलं. कविता होती. चिमणीने ती कोऱ्या कागदावर, समास आखून, नीट लिहून आणली होती आणि छातीशी धरून म्हणाली होती, "ही नको ना कापायला, बाई. ही आईची आहे." त्यावर "नियम सगळ्यांना सारखा" म्हणत बाईंनी स्वतःच कात्री चालवली होती. आता हे कोणत्या तोंडाने सांगणार? "उद्या या," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दुपारी बाईंनी वर्गाच्या सगळ्या वह्या मागून घेतल्या. पोरांना कारण कळलं तशी ती एरवीची वांड कार्टी चिडीचूप झाली. चिमणीचं अक्षर सगळ्यांना ओळखू यायचं. ज्याच्या वहीत तिचा तुकडा निघाला, त्याने ओल्या फडक्याने डिंक भिजवून तो अलगद सोडवून दिला. चार तुकडे मिळाले. पाचवा काही केल्या सापडेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते चार तुकडे आईपुढे ठेवले. "मागेपुढे झाले असतील, मी..."

आईने ऐकलंच नाही. तिने एकेका तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. उभा जन्म कापड बेतण्यात गेलेला. कडेला कड लावत तिने बघता बघता चारही तुकडे एकाखाली एक जुळवले. आणि थबकली.

"ही कात्री सरळ नाही गेलेली. कुणीतरी कागद ओढत होतं. कुणी कापलं हे?"

'मुलंच कापतात' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी," त्या म्हणाल्या. "ती ओढत होती. नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

आईने त्या वेड्यावाकड्या कडेवरून पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "वाचा."

बाईंनी आपल्या भाषेत करून वाचलं. "आई शिवते तेव्हा. तोंडात टाचण्या धरून. मी तिला नको नको ते विचारते. तिला हसवायला." बाईंनी शेवटच्या तुकड्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "पुढची ओळ 'कारण'ने सुरू होत होती. ती हरवली. काय होतं, मला आठवत नाही हो."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "तोंडात टाचण्या असल्या की मला ओरडता यायचं नाही. बरोबर तेव्हाच यायची लबाड. नुसती हं हं करायचे मी." ती हसली, आणि हसता हसता तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाईंना तिच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने आईने चारही तुकडे रुमालात गुंडाळले आणि उठली. दारापाशी वळून म्हणाली, "बाई, पुढच्या कुणाची कापू नका."