सोसायटीची टिपाडं

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आमची फाइल जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्याला निघून आठ महिने झाले होते. बैलगाडीनं निघाली असती तरी एव्हाना चार वेळा पोचली असती. मी चंद्रप्पा, गावच्या डिझेल सोसायटीचा सेक्रेटरी. पगार शून्य, शिव्या भरपूर.

आमच्या विहिरींवर वीज नव्हती, इंजिनं होती. डिझेल एकटा माणिकप्पा विकायचा. उदगीरहून डबे आणायचा, त्यात रॉकेल मिसळायचा आणि तोंडाला येईल तो भाव सांगायचा. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "मंग जा की उदगीरला चालत." शेवटी आम्ही चाळीस जणांनी वर्गणी काढून सोसायटी केली. डेपोतून ट्रकनं एकदम माल आणायचा आणि सगळ्यांना एकाच भावानं द्यायचा. वीस नवीकोरी लोखंडी टिपाडं आणून चावडीमागच्या शेडमध्ये मांडलीसुद्धा. राहिला फक्त साठ्याचा परवाना, आणि त्याआधीची तपासणी.

तेवढ्यात दुष्काळ पडला. पिण्याच्या विहिरीचं पाणी खडकाच्या फटीत गेलं, घागर बुडेना. इंजिन लावून ओढलं तर येत होतं, पण माणिकप्पाच्या भावानं डिझेल घेऊन रोज इंजिन कोण चालवणार? टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि बघता बघता रिकामा व्हायचा. एके दिवशी शेजारची गुरम्मा माझ्यासमोर उभी राहिली.

"चंद्रप्पा, तुजी टिपाडं नुस्ती बसून राहिलीत. टँकरचं पाणी सांडून जातंय. दे की भरायला."

मी दिली. तपासणीवाले येतील तेव्हा येतील, असं वाटलं.

ते सोमवारी आले. आदल्याच दिवशी टँकर आला होता. नोटीस पाठवली होती म्हणे. ती मला आजतागायत मिळालेली नाही. साहेबांनी पहिलं झाकण उघडलं.

"हे काय?"

"पाणी, साहेब."

"तपासणीला टिपाडं रिकामी लागतात. नाहीतर पुढची पाळी दिवाळीनंतर."

दिवाळीला सहा महिने होते. बायका भोवती गोळा झाल्या होत्या. त्यांना ओता म्हणायला माझी जीभ रेटेना. गुरम्माच पुढं झाली.

"ओता गं. डिझेल आलं तर हिरीवरचं इंजन चालंल. दिवाळीपातूर कोन जगून राहिलंय?"

मग घागरी आल्या, हंडे आले, रांजण भरले, परातीसुद्धा भरल्या. तरी निम्मं पाणी उरलं. ते मी माझ्या हातानं शेडसमोर ओतलं. विसावं टिपाड आडवं करताना मला रडू आलं, आणि आलं ते मी लपवलं नाही.

साहेबांनी एका टिपाडात हात घातला आणि बोटं चोळून बघितली.

"ओली आहेत."

"आत्ताच रिकामी केली न्हाई का, तुमच्यासमोर!"

"नियमात रिकामी आणि कोरडी आहे. ओल्यात गळती कळत नाही."

"तासाभरात वाळतील की उन्हात. थांबा थोडं."

"मला अजून दोन गावं करायची आहेत."

माझं डोकं फिरलं. "मंग ओतायच्या आधी सांगायला काय झालतं तुमाला?"

"तुम्ही विचारलं नाही," साहेब म्हणाले आणि कागदावर लिहू लागले. त्यांचा आवाज चढलासुद्धा नव्हता, त्याचाच मला जास्त संताप आला. परवाना नामंजूर. खाली सेक्रेटरीची सही. मी केली.

जीपकडे जाता जाता साहेबांना तहान लागली. माझी बायको शिवगंगा घरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नसतं, नाहीतर मी तो तांब्या हिसकावून घेतला असता. साहेबांनी पहिल्या घोटानं खळखळून चूळ भरली, ती शेडसमोरच्या चिखलात टाकली, आणि मग उरलेलं पाणी प्यायले.